जमिनीच्या सरकारी मोजणीला खर्च किती येतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं महाराष्ट्रातल्या शेतजमिनी, प्लॉट आणि गावठाणातल्या मिळकती यांच्या मोजणीबद्दल आहेत. फीचे दर १ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेले आहेत. पुढे त्यात बदल झालाच, तर अर्ज भरताना ई-मोजणीच्या चलनावर येणारा आकडाच खरा धरायचा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. सरकारी फी हा मोजणीच्या खर्चातला लहान भाग असतो. लोकांचे पैसे खरे जातात ते चुकीच्या प्रकारची मोजणी मागितल्यामुळे, अपुऱ्या कागदांमुळे आणि शेजाऱ्याला विश्वासात न घेतल्यामुळे, म्हणजे थोडक्यात तीच जमीन दुसऱ्यांदा मोजावी लागल्यामुळे. म्हणून फीचे प्रश्न आधी घेतले असले, तरी त्यानंतरची उत्तरं जास्त शांतपणे वाचा.

सरकारी मोजणीची फी नेमकी किती?

पूर्वी साधी, तातडी, अति तातडी आणि अति अति तातडी असे चार प्रकार होते. आता दोनच उरले आहेत: नियमित आणि द्रुतगती.

ग्रामीण भागात २ हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला २,००० रुपये आणि द्रुतगतीला ८,००० रुपये लागतात. त्यापुढच्या प्रत्येक २ हेक्टरला किंवा त्याच्या भागाला नियमितचे १,००० आणि द्रुतगतीचे ४,००० वाढतात.

महानगरपालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत पहिला टप्पा १ हेक्टरचा आहे. तिथे नियमितला ३,००० आणि द्रुतगतीला १२,००० रुपये. पुढच्या प्रत्येक हेक्टरला अनुक्रमे १,५०० आणि ६,००० वाढतात.

म्हणजे शहरातला १ गुंठ्याचा प्लॉट असो की ३० गुंठ्यांचा, पहिल्या टप्प्याची फी तीच. लहान प्लॉटवाल्याला हे जड वाटतं आणि ते वाटणं चुकीचं नाही.

माझी बरोबर ५ एकर जमीन आहे. २,००० रुपयेच लागतील ना?

नाही, ३,००० लागतील. आपण बोलतो एकर-गुंठ्यात आणि सातबारा बोलतो हेक्टर-आरमध्ये, तिथे हा घोळ होतो. ५ एकर म्हणजे सुमारे २ हेक्टर २ आर. त्या दोन आरांमुळे तुम्ही पहिला टप्पा ओलांडता आणि पुढच्या टप्प्याचे १,००० रुपये जोडले जातात. द्रुतगतीत हाच आकडा ८,००० वरून १२,००० वर जातो. १० एकरांचंही तसंच. ते क्षेत्र ४ हेक्टर ५ आरच्या आसपास येतं, म्हणजे तिसरा टप्पा सुरू होतो आणि नियमित फी ४,००० होते. शहरी हद्दीत अडीच एकर म्हणजे १ हेक्टर १ आर, म्हणून तिथे ३,००० ऐवजी ४,५००.

हिशेब करताना एवढं लक्षात ठेवा: ४० गुंठे म्हणजे १ एकर, १०० आर म्हणजे १ हेक्टर, आणि १ हेक्टर म्हणजे साधारण २ एकर १९ गुंठे. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा आणि आर सुमारे १,०७६ चौरस फुटांचा. दोन्ही जवळजवळ सारखे असल्यामुळे बोलताना एकाच्या जागी दुसरा खपतो. मोजणीत मात्र तो फरक धरला जातो, आणि ५ एकरांवर तो दोन-अडीच गुंठ्यांचा होतो.

सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा (लागवडीला न चालणारा भाग) वेगळे लिहिलेले असतात. मोजणी दोन्हींची होते, म्हणून एकूण क्षेत्राचा आकडा बघा.

माझे तीन गट लागून लागून आहेत. एकच फी चालेल का?

नाही. फी गटागटाला, किंवा जिथे सर्व्हे नंबर आणि हिस्सा आहे तिथे त्या त्या हिश्श्याला, वेगळी असते. बांध मोडून तुम्ही तीन तुकड्यांचं एक शेत केलं असेल, पण रेकॉर्डला ते तीनच आहेत. कोकणात बहुतेक ठिकाणी गट पडलेले नाहीत, सर्व्हे नंबर आणि त्याखाली हिस्से अशीच रचना आहे. तिथे दहा-बारा गुंठ्यांचे पाच हिस्से असलेल्या माणसाला देशावरच्या चार एकरवाल्यापेक्षा जास्त फी भरावी लागू शकते. अशा वेळी ज्या हिश्श्याच्या हद्दीचा खरोखर वाद आहे, तेवढ्याचीच मोजणी आधी मागवावी.

द्रुतगती घ्यावी की नियमित?

नियमितची मुदत ९० दिवसांची आणि द्रुतगतीची ३० दिवसांची. फी चौपट. बँकेचं कर्ज अडलं आहे, खरेदीखताची तारीख ठरली आहे, बांधकामाची परवानगी मोजणीच्या नकाशावाचून थांबली आहे, अशा वेळी द्रुतगतीचे पैसे वसूल होतात. ‘एकदा बघून घेऊ बांध कुठे येतो’ एवढ्यासाठीच मोजणी करायची असेल तर नियमित पुरते. मोजणीची अचूकता दोन्हीत सारखीच. तोच भूकरमापक (मोजणी करणारा सरकारी कर्मचारी), तेच यंत्र, तेच जुनं रेकॉर्ड. जास्त पैसे भरले म्हणजे मोजणी जास्त काळजीपूर्वक होते, हा समज काढून टाका.

आणखी एक. शेतात उभा ऊस असेल तर द्रुतगतीचे पैसे वायाच जातात. उसातून हद्दीचे बिंदू गाठणं अवघड, आणि तोडणीपर्यंत कुणी थांबत नाही. आधी पिकाचा हंगाम बघा, मग अर्ज टाका. रब्बीची काढणी झाल्यापासून मृगाच्या पावसापर्यंतचा काळ सगळ्यांत सोयीचा. पण तेव्हाच अर्जांची गर्दी होते, म्हणून अर्ज दोन-अडीच महिने आधी केलेला बरा.

मला कोणत्या प्रकारची मोजणी हवी, हे कसं ठरवायचं?

हा या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो फार कमी लोक विचारतात. ‘मोजणी करायची आहे’ एवढंच सांगून लोक अर्ज भरतात आणि समोरचा जो प्रकार निवडेल तो मान्य करतात.

बांधाचा वाद असेल, शेजाऱ्याने बांध कोरला आहे असं वाटत असेल, कुंपण घालायचं असेल किंवा विकत घेण्याआधी जागा कुठून कुठपर्यंत आहे हे पाहायचं असेल, तर हद्द कायम मोजणी मागायची. रेकॉर्डप्रमाणे तुमच्या गटाच्या किंवा हिश्श्याच्या बाहेरच्या हद्दी कुठे येतात हे ती दाखवते. सातबाऱ्यावर पाच नावं असली तरी त्यातल्या एकाला ही मोजणी मागता येते.

पण त्या पाच जणांपैकी कुणाचा तुकडा कोणता, हे हद्द कायम मोजणी कधीच सांगत नाही. घोटाळा होतो तो इथेच. एखादा भाऊ स्वतःचा हिस्सा वेगळा काढून घ्यायचा म्हणून मोजणी टाकतो. मोजणीवाले येतात, पूर्ण गटाची बाहेरची हद्द दाखवतात आणि जातात. फी भरली, दिवस गेला आणि भांडण होतं तिथेच राहिलं. त्याला हवी होती पोटहिस्सा मोजणी, आणि तिला सगळ्या सहधारकांची संमती लागते. संमती मिळत नसेल तर आधी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटणी, किंवा दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा, हा रस्ता धरावा लागतो. न्यायालयाचा हुकूमनामा झाल्यावर होणारी ती कोर्ट वाटप मोजणी.

प्लॉट पाडायचे किंवा घर, कारखाना बांधायचा असेल तर बिनशेती मोजणी. सरकार रस्ता, कालवा किंवा रेल्वेसाठी जमीन घेणार असेल तर भूसंपादनाची संयुक्त मोजणी होते. तिची फी संपादन करणारी संस्था भरते, शेतकऱ्याने एक रुपयाही द्यायचा नसतो. त्या मोजणीला मात्र स्वतः हजर राहा. विहीर, पाइपलाइन, झाडं, गोठा यांची नोंद त्याच दिवशी होते, आणि तेव्हा राहून गेलेल्या झाडाचा मोबदला मिळवायला नंतर फार वणवण करावी लागते.

भावाभावांत वाटणी करायची आहे. खर्च किती?

इथे चांगला बदल झाला आहे. २०२५ मध्ये राज्य सरकारनं एकत्र कुटुंबातल्या वाटणीसाठी पोटहिस्सा मोजणीची फी प्रत्येक पोटहिश्श्याला २०० रुपये केली. चार भावांचे चार हिस्से पाडायचे तर ८०० रुपये. याआधी हाच खर्च काही हजारांत जायचा, आणि त्यामुळे कितीतरी घरांत वाटण्या तोंडीच राहिल्या. ‘वडिलांनी दाखवलं तसं आम्ही कसतो’ असं म्हणणारी पिढी संपली, नातवंडांना काहीच ठाऊक नाही, आणि वाद तिसऱ्या पिढीत पेटला, असं गावोगाव दिसतं. घरात अजून बोलणं चालू असेल तर ही मोजणी याच वर्षी करून घ्या.

सवलत कौटुंबिक वाटणीला आहे. विकत घेतलेल्या तुकड्याला किंवा भागीदारीतल्या जमिनीला ती लावता येणार नाही. आणि हिस्से पाडताना तुकडेबंदीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते क्षेत्र, बघा. २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे ते राज्यात बहुतेक ठिकाणी जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे.

फी सोडून आणखी काय खर्च येतो?

हद्दीच्या खुणा दाखवल्या की तिथे दगड किंवा खांब रोवायचे, ही अर्जदाराची जबाबदारी असते. म्हणजे दगड, चुना, पहार, कुदळ आणि माणसं तुमची. देशावर दोन मजुरांत भागतं. कोकणात किंवा घाटमाथ्यावर करवंदीची जाळी, घाणेरी आणि रान माजलेलं असतं. तिथे हद्दीच्या रेषेत माणूस चालेल एवढी वाट मोकळी करायलाच दोन-तीन दिवस लागतात. ही मजुरी सरकारी फीइतकी किंवा त्याहून जास्त होऊ शकते. बजेटमध्ये ती धरलेली नसली तर मोजणीच्या सकाळी धावपळ होते.

दगडांवर कंजुषी करू नका. लाकडी खुंटी एका पावसाळ्यात जाते, आणि रंग मारलेला दगड ट्रॅक्टरच्या फाळाने उडतो. सिमेंटचा खांब दीड-दोन फूट जमिनीत गाडलेला असेल तर तो टिकतो. हद्दीची खूण मुद्दाम काढणं किंवा मोडणं हा जमीन महसूल संहितेच्या कलम १४५ खाली दंडाचा विषय आहे, पण खूण होती हेच दाखवता आलं नाही तर कलम कामाला येत नाही. म्हणून दगड रोवताना प्रत्येक कोपऱ्याचा फोटो काढा, मागे झाड, विहीर किंवा घर दिसेल असा.

जुन्या नकला काढायचा खर्च वेगळा, तो फार नसतो. वादाची जागा असेल आणि मारामारीची भीती असेल तर पोलीस बंदोबस्त मागावा लागतो, त्याचं शुल्क पोलीस खात्याच्या नियमाप्रमाणे भरायचं. मुंबई-पुण्याहून गावी येणाऱ्यांनी प्रवास आणि बुडालेले कामाचे दिवस मोजावेत. मोजणीची तारीख पुढे ढकलली गेली तर हा खर्च दुप्पट होतो, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी भूकरमापकाशी बोलून खात्री करून घ्या.

मोजणीला येणाऱ्यांची गाडी, जेवण, ‘वरखर्च’ द्यावा लागतो का?

नाही. मोजणीची जी फी आहे ती चलनाने सरकारजमा होते, आणि त्या पलीकडे कुणालाही काही देणं लागत नाही. पाहुणा म्हणून कुणाला चहा-पाणी विचारणं हा गावचा रिवाज आहे, तो वेगळा. पण ‘नकाशा लवकर हवा तर’ किंवा ‘हद्द जरा तुमच्याकडून धरतो’ असं कुणी सुचवलं, तर ते लाच मागणं आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. आणि जो तुमच्याकडून पैसे घेऊन हद्द सरकवतो तो उद्या शेजाऱ्याकडूनही घेईल, शिवाय निमताना मोजणीत, म्हणजे निकाल मान्य नसल्यास होणाऱ्या फेरमोजणीत, ती सरकवलेली रेषा पुन्हा जागेवर येईल. पैसे आणि पत दोन्ही जातील.

अर्ज कुठे करायचा आणि कागद कोणते लागतात?

तालुक्याच्या उप अधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयाकडे. अर्ज आता ई-मोजणी २.० या ऑनलाइन प्रणालीवर भरला जातो, फीचं चलन तिथेच तयार होतं आणि पैसेही ऑनलाइन भरता येतात. स्वतः जमत नसेल तर सेतू किंवा महा-ई-सेवा केंद्रातून भरून घ्या, पण मोबाइल नंबर स्वतःचा द्या. मोजणीची तारीख आणि भूकरमापकाचं नाव कळवणारे संदेश त्याच नंबरवर येतात. केंद्रचालकाचा नंबर राहिला तर तारीख निघून गेल्यावर कळतं.

शेतजमिनीला ताजा सातबारा लागतो, सिटी सर्व्हेतल्या जागेला मालमत्ता पत्रक. ओळखपत्र, जागेचा हाताने काढलेला कच्चा नकाशा, चतुःसीमा, आणि चारही बाजूंच्या लगतधारकांची नावं व पूर्ण पत्ते. पोटहिस्सा असेल तर सगळ्यांची संमती.

या यादीत लोक सगळ्यांत जास्त चुकतात ते लगतधारकांच्या पत्त्यात. शेजारचा शेतकरी वारला आहे, मुलगा पुण्यात आहे, आणि अर्जात अजून वडिलांचंच नाव. मग नोटीस परत येते, आणि पुढे तोच मुलगा ‘मला कळवलंच नाही’ म्हणून मोजणीवर हरकत घेतो. त्याचं म्हणणं खरंही असतं. शेजारच्या गटांचे सातबारे ऑनलाइन बघून आजची नावं लिहा, आणि जो बाहेरगावी आहे त्याचा तिथला पत्ता मिळवा. या अर्ध्या दिवसाच्या कामाने दुसऱ्या मोजणीची फी वाचते.

मोजणीच्या दिवशी नक्की काय होतं?

पूर्वी साखळी टाकून आणि प्लेन टेबल मांडून मोजणी व्हायची. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, आणि साखळी गुणिले साखळी म्हणजे गुंठा. आजही जुन्या टिपणांवर अंतरं साखळी-आण्यांतच लिहिलेली सापडतात. आता रोव्हर नावाचं उपग्रहाच्या साहाय्यानं चालणारं यंत्र वापरतात. राज्यात ठिकठिकाणी उभारलेल्या कॉर्स नावाच्या संदर्भ केंद्रांकडून त्याला दुरुस्तीचा संकेत मिळतो आणि एखाद्या बिंदूची जागा काही सेंटीमीटरच्या आत कळते. दाट झाडीत किंवा उंच इमारतींच्या मध्ये आकाश दिसत नाही, तिथे ईटीएस हे जमिनीवरून अंतर आणि कोन मोजणारं यंत्र लावतात.

यंत्र बदललं म्हणून आता वादच उरणार नाही, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. रोव्हर फक्त तुम्ही उभे आहात ती जागा सांगतो. हद्द कुठे असायला हवी हे ठरतं जुन्या रेकॉर्डवरून: मूळ सर्वेक्षणाचं टिपण (मापं लिहिलेला जुना आराखडा), गुणाकार बुक (क्षेत्राच्या हिशेबाची वही), पोटहिश्श्यांची फाळणी (त्यांचा नकाशा), गट नकाशा. या प्रदेशातल्या महसुली मोजणीची घडी १८३५ नंतर इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी बसवली. त्या पद्धतीनं दगडांवरून आखलेल्या रेषा आजच्या उपग्रहाच्या आकड्यांशी जुळवायच्या असतात. गावातले जुने, सर्वमान्य हद्दीचे दगड किंवा शिवेवरच्या खुणा सापडल्या तर ते काम सोपं होतं. नाही सापडल्या तर दोन प्रामाणिक भूकरमापकांच्या रेषांतही थोडं अंतर पडू शकतं. त्यामुळे तुमच्या बांधावर पूर्वापार चालत आलेला दगड असेल, तर मोजणीच्या वेळी तो आवर्जून दाखवा आणि जबाबात त्याची नोंद करून घ्या.

भूकरमापक आधी प्रत्यक्ष वहिवाट मोजतो, म्हणजे आज कोण कुठपर्यंत कसतो ते. मग रेकॉर्डची हद्द त्यावर बसवतो. शेवटी हजर असलेल्यांचे जबाब आणि पंचनामा होतो. वाचल्याशिवाय सही करू नका. पटलं नसेल तर सही नाकारण्यापेक्षा, काय पटलं नाही ते लिहून सही करणं पुढे जास्त उपयोगी पडतं.

अर्जदारच गैरहजर राहिला तर प्रकरण निकाली काढलं जाऊ शकतं, आणि मग नवा अर्ज, नवी फी.

शेजारी आलाच नाही किंवा मोजू दिलं नाही तर?

नोटीस पोचलेली असेल तर त्याच्या गैरहजेरीत मोजणी करता येते. अडवलं तर भूकरमापक तसा अहवाल देतो, आणि पुढच्या वेळी बंदोबस्तात मोजणी होते.

तरीही माझा आग्रह असा की अर्ज टाकण्याआधी शेजाऱ्याच्या घरी जाऊन सांगा. ‘काका, मोजणी मागवतोय, तुमच्यासमोरच होऊ दे’ एवढं एक वाक्य पुरतं. सरकारी नोटीस हातात पडल्यावरच कळलं, तर माणूस दुखावतो आणि मोजणीआधीच विरोधात जातो. जमत असेल तर सामाईक बांधाच्या मोजणीचा खर्च निम्मा-निम्मा करा. ज्यानं पैसे घातले तो मोजणीला येतो आणि निकालही बहुतेक वेळा मान्य करतो.

‘क’ प्रत म्हणजे काय?

मोजणीनंतर मिळणारा अधिकृत नकाशा. त्यावर रेकॉर्डप्रमाणे येणारी हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाटीची हद्द वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेली असते, आणि तुमचं क्षेत्र शेजाऱ्याकडे किंवा त्याचं तुमच्याकडे गेलेलं असेल तर ते किती, हेही कळतं. बँक, नगररचना विभाग, न्यायालय, सगळीकडे हाच कागद चालतो. नव्या प्रणालीत नकाशावर अक्षांश-रेखांश येऊ लागले आहेत, त्यामुळे दगड गेला तरी तो बिंदू पुन्हा शोधता येतो. दगड रोवले म्हणजे मोजणी संपली असं समजून ‘क’ प्रत न घेणारे पुष्कळ आहेत. हातात प्रत आल्याशिवाय मोजणी पूर्ण झाली असं धरू नका.

मोजणीत माझं क्षेत्र सातबाऱ्यापेक्षा कमी निघालं. आता?

आधी कमी कुठे झालं ते बघा. शेजाऱ्याच्या वहिवाटीत गेलं असेल तर तो अतिक्रमणाचा विषय. रस्ता, ओढा किंवा कालव्यात गेलं असेल आणि त्याची कमी-जास्त नोंद सातबाऱ्यावर झालीच नसेल, तर मुळात सातबाराच दुरुस्त व्हायला हवा. आणि कधी कधी एकत्रीकरणाच्या वेळी, म्हणजे तुकडे जोडून गट पाडताना, नकाशा आणि क्षेत्र यांचा मेळच बसलेला नसतो. तिथे दहा वेळा मोजून काही होणार नाही, रेकॉर्ड दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. विकत घेताना हा फरक निघाला, तर किंमत ‘क’ प्रतीवरच्या क्षेत्रावर ठरवा.

निकाल मान्य नसेल तर पुन्हा मोजणी मागता येते का?

येते. पहिली पायरी निमताना मोजणी, ती उप अधीक्षकांच्या पातळीवर होते. त्यावरही समाधान नसेल तर जिल्हा अधीक्षकांकडे सुपर निमताना. फी मूळ मोजणीपेक्षा जास्त असते, आणि ती भरण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: मोजणीत नेमकं काय चुकलं, हे मला दाखवता येतं का? चुकीचं टिपण वापरलं, जुना दगड धरला नाही, लगतधारकाला नोटीस नव्हती, अशी ठोस तक्रार असेल तर जरूर जा. ‘निकाल माझ्या विरुद्ध गेला’ एवढंच कारण असेल तर पैसे भरूनही बहुधा तीच रेषा पुन्हा येईल.

अतिक्रमण निघालं तर मोजणीवाले ताबा मिळवून देतात का?

नाही. भूकरमापक हद्द दाखवतो, ताबा देत नाही. संहितेच्या कलम १३८ मध्ये हद्द निश्चित झाल्यावर चुकीचा कब्जा काढण्याचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहेत, पण शेजारी हक्कच सांगायला लागला की प्रकरण बहुतेक वेळा दिवाणी न्यायालयात जातं. मोजणीच्या दुसऱ्या दिवशी जेसीबी लावून बांध सरकवणं हे मात्र कधीही करू नका. फौजदारी गुन्हा अंगावर येतो आणि ‘क’ प्रत तुमच्या बाजूची असूनही तुम्ही आरोपी होता.

खासगी सर्व्हेअरकडून मोजून घेतलं तर चालेल का?

कशासाठी हवं त्यावर आहे. तळ्याचं माप, उताराचे कंटूर, पाइपलाइनची आखणी, आर्किटेक्टला लागणारा नकाशा, यासाठी खासगी सर्व्हेअर उत्तम आणि लवकर येतो. तो दिवसावर किंवा एकरावर पैसे ठरवतो. ठरवताना नकाशाची छापील प्रत, संगणकीय फाइल आणि खुणा रोवणं या तिन्हींचा त्यात समावेश आहे का, हे लिहून घ्या. पण हद्दीच्या वादात त्याचा नकाशा ‘क’ प्रतीची जागा घेत नाही. खासगी भूमापकांना परवाने देऊन सरकारी मोजणीचा वेग वाढवण्याचा निर्णय राज्य सरकारनं २०२५ मध्ये जाहीर केला. असा परवानाधारक आला तरी प्रमाणित प्रत भूमी अभिलेख कार्यालयाचीच आहे ना, हे तपासून घ्या.

जमीन विकत घेताना मोजणीचा खर्च कुणाचा?

कायद्यात तसं ठरलेलं नाही, बोलणीत ठरतं. अर्ज मात्र सातबाऱ्यावर नाव असलेल्यानेच करायचा, म्हणजे विक्रेत्याने. माझं मत विचाराल तर फी घेणाऱ्याने भरावी आणि मोजणी इसार देण्याआधी करावी. लाखांच्या व्यवहारात दोन-तीन हजार वाचवून पुढे दहा वर्षं बांधावर भांडणारे लोक थोडे नाहीत. विक्रेता मोजणीला टाळाटाळ करत असेल, तर तिथेच थांबा.

गावठाणातल्या घराची मोजणी झाली आहे का, कसं कळेल?

गावठाणाची जागा बहुतेक गावांत पूर्वी मोजलेलीच नव्हती, फक्त ग्रामपंचायतीचा नमुना ८ असायचा. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजून पाहिलं गेलं, आणि पुढे २०२० पासून केंद्राच्या स्वामित्व योजनेत हे काम देशभर सुरू झालं. तुमच्या गावाचं काम झालं असेल तर मालमत्ता पत्रक ऑनलाइन दिसेल. त्यावरचं नाव आणि क्षेत्र आत्ताच तपासा, विशेषतः घर सामाईक असेल तर. एका भावाचं नाव लागून बाकीची राहिलेली उदाहरणं बरीच आहेत, आणि आता हरकत घेणं सोपं आहे.

मी परदेशात आहे. मोजणीला यावंच लागेल का?

नाही. गावातल्या विश्वासू माणसाला कुलमुखत्यारपत्र द्या, त्यात मोजणीचा अर्ज, हजेरी, जबाब आणि सही हे अधिकार स्पष्ट लिहा. विक्रीचा अधिकार त्याच कागदात देऊ नका. पत्र भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून पाठवा आणि इथे त्याचं मुद्रांक शुल्क भरून घ्या. मोजणीच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर राहा, आणि चारही कोपऱ्यांचे फोटो व ‘क’ प्रतीची स्कॅन त्याच आठवड्यात मागवा.